परीक्षकाला काढा, पण कारण सांगून

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. त्या गदारोळात एक छोटी बातमी येऊन गेली. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंत्राटी पद्धतीने नेमलेल्या चार फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टरांना तत्काळ दूर केले. प्रकरणाच्या चौकशीसाठी समिती आधीच नेमलेली होती. तिचा अहवाल मात्र या कारवाईनंतर आला. ‘बरे झाले, कुणावर तरी कारवाई झाली,’ ही तेव्हाची सार्वत्रिक भावना. माझीही पहिली प्रतिक्रिया तीच होती. आज तिच्याविरुद्ध लिहितो आहे.

ते चौघे दोषी होते की नव्हते, हे मला ठरवता येत नाही. तुम्हालाही येणार नाही. माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

प्रथम या मंडळींचे काम समजून घेऊ. विमानकंपनीतील वैमानिकाला परवाना एकदा मिळाला की पुरत नाही. ठरावीक मुदतीने सिम्युलेटरमध्ये त्याची कसोटी लागते. इंजिन बंद पडले, धावपट्टी दिसेनाशी झाली, तर तो काय करतो हे परीक्षक शेजारी बसून पाहतो. हे परीक्षक बहुधा त्याच कंपनीतील ज्येष्ठ वैमानिक असतात आणि डीजीसीए त्यांना अधिकार देते. त्यांच्यावर आणि एकूण कामकाजावर देखरेख ठेवतात ते इन्स्पेक्टर. आपण निर्धास्तपणे खिडकीजवळची जागा मागतो, तेव्हा या साखळीवर विश्वास टाकत असतो.

मी भौतिकशास्त्रज्ञ आहे, म्हणून परीक्षकाकडे मोजमापाचे उपकरण म्हणून पाहण्याचा मोह होतो. प्रयोगशाळेत एखादा तापमापक चुकीचा आकडा दाखवतो असा संशय आला, तर आम्ही तो लगेच वापरातून काढतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. तो किती चुकतो, कधीपासून चुकतो, त्याने घेतलेल्या आधीच्या नोंदींचे काय करायचे, हे शोधतो. तापमापक कचऱ्यात फेकून ‘प्रश्न सुटला’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला कोणताही मार्गदर्शक खडसावेल.

परीक्षकाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक गंभीर होतो. तो बेजबाबदार होता म्हणून काढला असेल, तर त्याने उत्तीर्ण केलेल्या वैमानिकांची फेरतपासणी हवी. त्याच्यावर अन्याय झाला असेल, तर ती माणसे नाहक संशयात अडकतात. कारणच नोंदले नाही, तर दोन्हींपैकी काय करायचे हे कुणालाच कळत नाही. कारण सांगण्याची मागणी परीक्षकाच्या अब्रूसाठी आहेच, पण त्याहून अधिक ती प्रवाशांसाठी आहे.

कारण म्हणून आकडे पुढे केले जातात तेव्हाही सावध राहावे. समजा, सर्वसाधारणपणे शंभरांपैकी ऐंशी उमेदवार उड्डाणचाचणीत उत्तीर्ण होतात. एका परीक्षकाने ओळीने दहा जणांना उत्तीर्ण केले. तो ढिला आहे का? निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ११ टक्के आहे. असे शंभर प्रामाणिक परीक्षक असतील, तर त्यांतील दहा-अकरा जण काहीही चूक न करता ‘संशयित’ ठरतील. चाचण्या वीस असत्या, तर हीच शक्यता सुमारे एक टक्क्यावर येते. म्हणून आकडा तपास सुरू करण्यास पुरेसा असतो, निकाल देण्यास नसतो.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत खासगी परीक्षक उमेदवारांकडून शुल्क घेऊन उड्डाणचाचणी घेतात. तिथला कायदा हवाई प्रशासनाला सोपवलेला अधिकार केव्हाही आणि योग्य वाटेल त्या कारणाने काढून घेण्याची मुभा देतो. परीक्षकपद हा हक्क नाही, ही त्यामागची भूमिका मला मान्य आहे. पण ‘योग्य वाटेल ते कारण’ कुणीतरी बाहेरच्याने तपासणार नसेल, तर परीक्षक आकाशाकडे कमी आणि वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे अधिक पाहू लागतो. आपल्याकडे त्याची कोंडी दुहेरी आहे: पगार देणारी कंपनी एका बाजूला, अधिकार देणारे महासंचालनालय दुसऱ्या बाजूला.

‘सुरक्षिततेच्या बाबतीत चौकशीची वाट कशी पाहायची?’ हा आक्षेप खरा आहे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले, ते आपण विसरलेलो नाही. तिथे दिरंगाई म्हणजे गुन्हाच. पण तत्काळ थांबवणे आणि कायमचे काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात हा मार्ग दाखवला आहे: तातडी असेल तर आधी कृती करा, पण त्यानंतर लगेच बाजू ऐकून घ्या. कायम सरकारी कर्मचाऱ्याला अनुच्छेद ३११ चे कवच असते; कंत्राटी अधिकाऱ्याला ते लाभत नाही. आणि देखरेखीचे नाजूक काम आपण सोपवतो ते नेमके कंत्राटी माणसांवर.

म्हणून चार साध्या अपेक्षा आहेत. संशय येताच परीक्षकाला कामापासून दूर ठेवावे, पण ठरावीक मुदतीपुरते. आरोप पुराव्यासह लेखी द्यावा. अंतिम निर्णयाची फेरतपासणी, तो निर्णय ज्यांनी घेतला नाही अशा व्यक्तींनी करावी. आणि नावे वगळून का होईना, कारणे दरवर्षी प्रसिद्ध करावीत, म्हणजे चूक एका माणसाची होती की रचनेची, हे आपल्याला तपासता येईल.

त्या चौघांना काढल्याने देखरेखीतील नेमकी कोणती फट बुजली? वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू होणार, हे सर्वांना ठाऊक होते. पुरेसे वैमानिक नाहीत हे कुणाच्या लक्षात यायला हवे होते, कुणाच्या आले, आणि आले असल्यास कुणी ऐकले नाही? या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारी काही माणसे आपण सर्वांत आधी दाराबाहेर पाठवली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ही बातमी पुन्हा एकदा वाचावी, एवढीच विनंती.