न वाचलेल्या नियमांची शपथ

घटस्थापना झाली की आमच्या सांगोल्याच्या पंचक्रोशीत घरोघरी नंदादीप तेवू लागतो. नऊ दिवस ती ज्योत विझू द्यावयाची नाही, हे घरातील लहान मूलही जाणते. ऋग्वेदाचा आरंभच अग्नीच्या स्तवनाने होतो आणि विवाहापासून होमापर्यंत आपल्या मंगलकार्यांस त्याचीच साक्ष लागते. परंतु ज्याला आपण साक्षीस बोलावितो, त्याच्याशी वागावयाची मर्यादा आपण कितपत जाणतो? यंदाच्या नवरात्रात भाविक वाचकांपुढे हा प्रश्न ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

त्यास कारणही तसेच घडले. गतवर्षी एका गावी आमचे कीर्तन चालू होते. उत्तररंगास नुकताच प्रारंभ झाला होता, तोच समईच्या ज्योतीने मागील पडदा धरला. मृदंगावरील तरुणाने प्रसंगावधान राखून पडदा ओढून खाली पाडला व पायांखाली विझविला, म्हणून अनर्थ टळला. आख्यान पुढे चालले, पण आमचे चित्त थाऱ्यावर नव्हते. मंडपास वाट एकच होती आणि तीही पादत्राणांनी भरलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही व्यवस्थापकांस विचारले, "मंडपाविषयी काही नियम असतील ना?" ते म्हणाले, "असतील की, बुवा. सगळे नियम पाळू, असे अर्जावर लिहूनच दिले आहे आम्ही." "मग ते नियम कोठे आहेत?" यावर ते नुसते हसले.

आम्हांस मात्र हसू आले नाही. एका देवस्थानाचे विश्वस्त या नात्याने आम्हीही अशाच मजकुराखाली स्वाक्षरी केली होती. ज्यांना संकल्पातील एकेक पद तोलून उच्चारावयाची सवय, त्या आम्ही न वाचलेल्या नियमांची शपथ घेतली होती! पुढे प्रत मिळविण्यास निघालो, तेव्हा एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखविले व दुसरीने पुन्हा पहिलीकडे. नियम आहेत, हे सर्वांनी सांगितले. ते दाखविले कोणीच नाहीत.

नियम म्हणजे परक्यांचे खूळ, असे कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगररक्षणाचे प्रकरण आहे. ग्रीष्मात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत अग्नी पेटवू नये. पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा ही साधने घरी सिद्ध असावीत. रस्त्यांवर व चौकांत जलकुंभांच्या ओळी असाव्यात. जळत्या घराकडे धाव न घेणाऱ्या मालकास बारा पण दंड, भाडेकऱ्यास सहा! मात्र हा ग्रंथ शतकानुशतके दृष्टीआड होता. म्हैसूरच्या ग्रंथालयात पोथी सापडून शामशास्त्र्यांनी १९०९ साली तो छापला, तेव्हा तो पुन्हा लोकांस दिसला. पोथीच हाती नसेल, तर तीतील शहाणपण कोणाच्या उपयोगी पडणार?

आणि या उपेक्षेचे मोल आपण मोजलेले आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभाचा मंडप पेटला आणि चारशेंहून अधिक जीव गेले. त्यांत बहुसंख्य बालके होती. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकाने पेटली व सुमारे तीनशे भाविक प्राणांस मुकले. ते सारे देवीच्याच दर्शनास निघाले होते. म्हणून 'देवीच्या दारी भय कसले?' असे म्हणणाऱ्यांस आम्ही विनयाने विचारतो, की दाराची रुंदी मोजण्याचे कामही देवीनेच करावयाचे काय?

नियम दुर्मीळ मुळीच नाहीत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. तो २००८च्या डिसेंबरात अमलात आला. ज्या इमारतींस तो लागू आहे, तेथे आगीपासून बचावाची साधने ठेवण्याचा भार त्याने मालकावर वा भोगवटादारावर टाकला आहे. ती साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारकाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै या महिन्यांत द्यावयाचे असते. बांधकामासाठी सांगोल्यासारख्या नगरपरिषदांच्या गावांना २०२० साली मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. तात्पुरत्या मंडपांसाठी भारतीय मानक ब्युरोचे ८७५८ क्रमांकाचे मानक आहे. कृत्रिम धाग्याचे कापड वा दोर वापरू नयेत, विजेच्या वाहत्या तारांखाली मंडप घालू नये, छत निदान तीन मीटर उंच असावे, असे त्यात सांगितले आहे. हे सर्व आज संगणकावरून उतरवून घेता येते. नातवंडांच्या साहाय्याने आम्हीही अखेर तसेच केले.

परंतु ज्याच्या घरी संगणक नाही, त्याने काय करावे? माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याप्रमाणे आपल्याकडील नियम आपण होऊन प्रसिद्ध करणे हे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाचे कर्तव्यच आहे. तसे झाले नसेल, तर दहा रुपये शुल्काचा अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. तथापि मंडपाच्या परवानगीस आलेल्या मनुष्यास अर्जाबरोबरच नियमांची मराठी प्रत द्यावी, हे आमच्या मते अधिक योग्य. मानक इंग्रजीत, सही करणारा मराठी, अशा स्थितीत शपथ पाळली जाणार कशी?

आम्हां देवस्थानांचा दोषही लहान नाही. देणगीदारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो. बाहेर पडण्याची वाट कोणती, हे मात्र पाटीवरही लिहीत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच: प्रत्येक देवस्थानाने व मंडळाने ही प्रत दप्तरात ठेवावी, शिकलेल्या मुलामुलींकडून तिचा सोप्या मराठीत सारांश करवून घ्यावा आणि पहिल्या माळेच्या दिवशी, आरतीपूर्वी, तो मोठ्याने वाचावा. आमच्या देवस्थानात यंदापासून हा पाठ सुरू होत आहे; पूर्वरंगाआधीची पाच मिनिटे आम्ही त्यास दिली आहेत.

नंदादीप अखंड तेवो आणि त्याच्या प्रकाशात आलेला प्रत्येक जीव सुखरूप घरी परतो, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.