बटाटा हा शब्द कुणाचा?

दिल्लीत भाजीवाल्याकडे आपण ‘आलू’ मागतो आणि पिशवी घरी आली की त्याचा ‘बटाटा’ होतो. तीन पिढ्या पहाडगंज, करोलबागेत गेलेल्या मराठी घरांतूनही हा शब्द हललेला नाही. यंदाचा अंक जुळवताना त्याच शब्दाने मला फार लांब नेलं.

तो मूळचा ताइनो लोकांचा. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ग्वानाहानी बेटावर उतरला, तेव्हा त्याला प्रथम भेटले ते हे लोक. कॅरिबियन बेटांवर मातीचे उंचवटे रचून ते कसावा आणि रताळी लावत. कोलंबस निघाला होता आपल्या दिशेला, म्हणून त्यांचं नाव पडलं ‘इंडियन’. त्यांच्या भाषेतला ‘बटाटा’ म्हणजे रताळं. आपल्या भाजीतला बटाटा वेगळ्याच लोकांचा: तो हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणला अँडीजमधल्या, टिटिकाका सरोवराच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी. क्वेचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणतात. युरोपात दोन्ही कंदांच्या नावांची सरमिसळ झाली आणि एकाचं नाव दुसऱ्याला चिकटून, पोर्तुगीजांबरोबर, मराठीत आलं. काजू आणि अननस हे ब्राझीलच्या तुपी लोकांचे शब्दही त्यांनीच आणले. १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालचं आरमार आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याच सफरीत कालिकतला पोचलं.

शाळेत आम्ही कोलंबसच्या त्या सफरीला ‘अमेरिकेचा शोध’ म्हणून पाठ केलं. मला तो शब्द आता लिहवत नाही. ज्यांच्या शेताच्या बांधावर गलबतं लागली, ती माणसं हरवलेली नव्हती. पुढे सक्तीची मजुरी आली, उपासमार आली, १५१८ च्या अखेरीस हिस्पॅनिओला बेटावर देवीची साथ आली. पन्नासेक वर्षांत ताइनो समाज जवळजवळ नाहीसा झाला. ताइनोंचे वंशज आजही आहेत. ती भाषा मात्र कुणाच्या घरात बोलली जात नाही. परमुलखात मराठी सांभाळणाऱ्या आपल्याला हे कळायला समजावणी लागू नये.

त्या जगाच्या खुणा आपल्या जनपथवरही आहेत. मुंबईत जन्मलेले आणि न्यूयॉर्कला कलावस्तूंचा व्यवसाय केलेले नसली हीरामाणेक व त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कोलंबसपूर्व अमेरिकेतल्या वस्तूंचा संग्रह तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिला. मोहेंजोदडोची नर्तकी पाहून आपण बहुतेक जण तिथून परत फिरतो. मुलांना घेऊन जाल तेव्हा या वस्तूंचीही चौकशी करा.

आणि लक्ष्मीपूजनाला गाझीपूर मंडीतून आणाल तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला, आपल्या पितृपक्षासारखे गेलेल्यांचे दिवस पाळतात. घरच्या पितरांना वाट सापडावी म्हणून त्या दिवसांत दारापासून आत झेंडूच्या पाकळ्या पसरलेल्या असतात.