पीएचडीचा सहामाही आढावा: फक्त सहीपुरता की खरंच कामाचा?

पीएचडीला प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात. तिसऱ्या वर्षी तोच संशोधक लग्नकार्याला जाणं टाळू लागतो, कारण तिथे भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘झाली का पीएचडी?’ नातेवाईक हा प्रश्न न चुकता विचारतात. ज्या समितीने तो नीट विचारायचा, ती मात्र अनेकदा कागदावर सही करून मोकळी होते. खरं तर हा आढावा संशोधकाची पुढची काही वर्षं वाचवू शकतो. कसा, ते पाहू.

नियम काय सांगतो?

यूजीसीची पीएचडीबाबतची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती, म्हणजे आरएसी किंवा तशीच समिती असावी लागते. संशोधकाने दर सत्रात तिच्यासमोर प्रेझेंटेशन द्यायचं आणि कामाचा थोडक्यात अहवालही सादर करायचा.

प्रगती समाधानकारक नसेल तर? समितीने त्याची कारणं नोंदवायची आणि सुधारणेचे उपाय सुचवायचे. संशोधकाने ते अमलात आणले नाहीत, तर समिती कारणं देऊन नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. म्हणजे आधी कारण, मग उपाय आणि शेवटी कारवाई. हा क्रम महत्त्वाचा आहे.

पणाला काय लागलेलं असतं?

एक म्हणजे वेळ. कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. त्यामुळे तिसऱ्या वर्षी विषय चुकल्याचं लक्षात आलं तर सावरता येतं, पाचव्या वर्षी लक्षात आलं तर घड्याळ कानाशी वाजायला लागतं.

दुसरं म्हणजे पैसा. नेट-जेआरएफ मिळालेल्याला पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. हे १ जानेवारी २०२३ पासूनचे दर आहेत. दोन वर्षांनंतर कामाचं मूल्यमापन होतं आणि ते समाधानकारक ठरलं तर एसआरएफ म्हणून ४२ हजार. गावी पैसे पाठवणाऱ्या, पुण्यात खोलीचं भाडं भरणाऱ्या मुलासाठी हा फरक छोटा नाही.

मग गडबड कुठे होते?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्याही प्रोजेक्टचे रिव्ह्यू व्हायचे. आदल्या रात्री स्लाइड बनवायच्या, न चालणाऱ्या सर्किटचा जुना फोटो लावायचा आणि ‘काम प्रगतिपथावर आहे’ म्हणायचं. सरही मान डोलवायचे. आमचं निभावलं, कारण प्रोजेक्ट वर्षभराचाच होता. पीएचडीत हेच नाटक सहा-सहा महिन्यांनी चाललं, तर माणसाच्या विशीतली वर्षं जातात.

दुसरी अडचण रचनेतच आहे. या समितीचा निमंत्रक असतो खुद्द गाइड. आता समजा, प्रकरण लिहून दिलं आणि गाइडने ते चार महिने वाचलंच नाही. किंवा संशोधनापेक्षा विभागाची कारकुनीच जास्त करावी लागते. हे गाइडसमोर, गाइडच्याच समितीत कोण बोलणार? मग अहवालात ‘काही अडचण नाही’ असंच लिहिलं जातं.

गाइडची बाजूही आहे. नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. वर लेक्चर, पेपर तपासणी आणि नॅकच्या फायली. पण वेळ अपुरा आहे म्हणूनच आढाव्याचा तो अर्धा तास नेमका वापरायला हवा.

काय बदलायला हवं?

माझ्या मते तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक आढाव्यातली दहा मिनिटं गाइड खोलीबाहेर असावेत. त्यात अविश्वास नाही, ही फक्त सोय आहे. दुसरी, समितीचा शेरा लेखी हवा आणि त्याची प्रत संशोधकाच्या हातात हवी. ‘समाधानकारक’ या एका शब्दाने कुणाचंच भलं होत नाही. तिसरी, पुढचा आढावा मागच्या सूचनांपासून सुरू व्हावा. त्या संशोधकाने पाळल्या का, हे विचारताना गाइडने आणि विभागाने आपलं काम केलं का, हेही विचारावं.

यासाठी नवा कायदा किंवा जादा निधी लागत नाही. विद्यापीठाचं एक परिपत्रक पुरेल.

तुम्ही संशोधक असाल तर...

* अहवालात झालेल्या कामासोबत अडलेलं कामही लिहा.
* गाइडशी झालेल्या चर्चेचा सारांश त्याच दिवशी ई-मेलने पाठवा.
* समितीच्या सूचना तारखेसह जपून ठेवा.
* ‘असमाधानकारक’ शेरा आला तर कारणं आणि उपाय लेखी मागा. समितीने ते देणं नियमातच आहे.

कुणाची प्रगती थांबली असेल, तर ते त्याला वेळेत सांगणं हा अपमान नाही. सगळं ठीक आहे असं म्हणत त्याला सहाव्या वर्षापर्यंत नेणं, हा खरा अन्याय आहे.