रिअर शॉकचे आवरण आणि वायपरमधील माती

माउंटन बाईकच्या मागच्या शॉकभोवती गुंडाळले जाणारे निओप्रीनचे, म्हणजे स्पंजासारख्या कृत्रिम रबराचे, आवरण हे संरक्षणाचे सर्वात सोपे साधन मानले जाते. ज्या वर्कशॉपमध्ये पावसाळ्यात सह्याद्रीतील वाटांवरून आलेल्या सायकली दुरुस्तीस येतात, तेथे मात्र हा समज तपासून पाहिला पाहिजे, कारण वेळेवर न काढलेले आवरण शॉकची झीज रोखण्याऐवजी ती केवळ नजरेआड करते.

हवेवर चालणाऱ्या शॉकमध्ये एक गुळगुळीत नळी एअर कॅनच्या, म्हणजे बाहेरील रुंद हवाकोशाच्या, आत-बाहेर सरकते. कॅनच्या तोंडाशी असलेला डस्ट वायपर, म्हणजे रबराची पातळ कड, प्रत्येक हालचालीत नळी पुसून घेतो आणि त्यामागचे मुख्य सील हवा अडवून धरते. नळीवरील ॲनोडायझिंगचा थर, म्हणजे विद्युत-रासायनिक प्रक्रियेने ॲल्युमिनियमवर तयार केलेला ऑक्साइडचा लेप, कठीण असला तरी अत्यंत पातळ असतो. वायपर मात्र मऊ असल्यामुळे मातीचा कण त्यात रुतून बसतो आणि पुढे प्रत्येक धक्क्याला त्याच जागी घासत राहतो. मागच्या चाकाची १६० मिलिमीटरची हालचाल शॉकच्या ६५ मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये, म्हणजे दबण्याच्या लांबीत, सामावली जात असेल, तर शॉकवर चाकावरील बळाच्या सरासरी सुमारे अडीच पट बळ येते. म्हणूनच शॉकमध्ये हवेचा दाब मोठा ठेवावा लागतो आणि सीलची थोडीशी झीजही गळतीस पुरेशी ठरते.

ओले आवरण चिखलाचे पाणी नळीलगत धरून ठेवते व ते सुकल्यावर बारीक माती नेमकी वायपरच्या तोंडाशी उरते. त्यापेक्षा मागच्या चाकावरून उडणारा चिखल वाटेतच अडवणारा, फ्रेमवर बसवलेला लहान मडगार्ड कितीतरी हिताचा आहे, मात्र तो शॉक पूर्ण दबल्यावरही चाकाला किंवा लिंकेजला, म्हणजे मागचा सांगाडा जोडणाऱ्या सांध्यांना, लागता कामा नये. धुताना प्रेशर वॉशरचा झोत सीलवर मारणे सर्वस्वी टाळावे, कारण तो ग्रीस धुऊन टाकून पाणी आत ढकलतो. साधे पाणी, मऊ फडके आणि त्यानंतर नळी कोरडी पुसणे एवढे पुरते.

तरीही बाहेरची स्वच्छता आतील ग्रीसला पर्याय ठरत नाही. शॉक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स एअर कॅनच्या सर्व्हिससाठी ५० तासांचे अंतर सांगते, तर फॉक्स संपूर्ण सर्व्हिससाठी १२५ तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते धरते. चिखलात सतत चालणाऱ्या सायकलीसाठी हे अंतर आणखी कमी करणे योग्य होय. ग्राहकाला वापराचे तास क्वचितच ठाऊक असतात, म्हणून ते विचारून प्रत्येक सायकलीच्या नोंदीत लिहिण्याची पद्धत वर्कशॉपनेच पाडली पाहिजे. त्याच वेळी सीट हळूच उचलून शॉकच्या दोन्ही टोकांच्या बुशांमध्ये ढिलेपणा जाणवतो का, हेही पाहावे, कारण झिजलेल्या बुशामुळे नळीवर तिरका भार येऊ शकतो.

झिजलेल्या सीलचा एक परिणाम धोकादायक आहे. मुख्य हवाकोशातील हवा निगेटिव्ह कोशात, म्हणजे शॉकला आतल्या दिशेने ओढणाऱ्या छोट्या कोशात, झिरपून अडकली, तर शॉक दबलेल्या स्थितीतच राहतो आणि व्हॉल्व्हमधून हवा सोडल्यानंतरही आत मोठा दाब शिल्लक असतो. असा शॉक बळाने ओढू नये, एअर कॅनही फिरवून उघडू नये. त्यासाठीची साधने आणि प्रशिक्षण नसलेल्या वर्कशॉपने तो थेट अधिकृत सर्व्हिस केंद्राकडे पाठवावा.