पहिल्या ऐकण्याचे मार्क

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी दोन प्रकारची तपासणी चालू होती. टेबलाच्या एका बाजूला नववीच्या मुलांच्या मराठी निबंधाच्या वह्या, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप आणि त्यावर अमेरिकेतले जुने अल्बम. पहिल्या कामाचा मला पगार मिळतो. दुसरे काम अकरावीतल्या माझ्या मुलीने माझ्या गळ्यात मारले होते.

हल्ली तरुण मुलांमध्ये हा एक छंदच झाला आहे. जगात 'क्लासिक' म्हणून गाजलेले, पण आपण कधीच न ऐकलेले अल्बम एकेक करून ऐकायचे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधले काही न गाळता. आणि संपल्याबरोबर दहापैकी मार्क द्यायचे. रोज इशाच्या नमाजनंतर एक अल्बम असे आमचे ठरले. मुलीची अट एकच होती, "अब्बा, पूरा सुने बगैर मार्क नई देना."

खरे सांगायचे तर आमच्या पिढीने अल्बम ऐकलेच नाहीत, आम्ही गाणी ऐकली. चिठ्ठीवर वीस गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि दुकानातून नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणायची. एखादे गाणे नाही आवडले, तर पुढे पळवायचे. अल्बम ही वेगळी गोष्ट आहे. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. अशा अनेक तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून विकत, त्यावरून हा शब्द आला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग तबकडी काढली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे बसू लागली. मग कलाकारही सबंध तबकडीचा विचार करू लागले. कशानंतर काय यावे, शेवट कुठे व्हावा, हे ठरवू लागले. एखाद्या शायराने आपला दीवान लावावा तसे. त्यातला एखादाच शेर माहीत असणे वेगळे आणि दीवान वाचणे वेगळे.

पहिल्या रात्री माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' ऐकला. १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत दोनच दिवसांत ध्वनिमुद्रित झालेल्या पाच रचना. मी लगेच आठ मार्क दिले. मुलगी चकित झाली, कारण तिने सहा दिले होते. मला जॅझमधले ओ की ठो कळत नाही. पण या तबकडीत सुरावटी भराभर बदलत नाहीत. वादक एकाच स्वरसमूहात बराच वेळ राहतात, त्यातच फिरतात, त्यातूनच नवे काढतात. ज्याने रेडिओवर थोडेफार शास्त्रीय संगीत ऐकले आहे, त्याला हे परके वाटत नाही.

दुसऱ्या रात्री मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', १९७१ चा. नऊ गाणी, एकातून दुसरे निघत जाणारी. व्हिएतनामच्या युद्धावरून परत आलेला एक सैनिक आपल्या देशाकडे पाहतो आहे, अशी त्यामागची कल्पना. गायकाचा सख्खा भाऊ त्या युद्धात जाऊन आला होता. कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांना हे गाणे बाजारात चालेल असे वाटत नव्हते. ते चाललेच, शिवाय त्यापाठोपाठ सबंध अल्बम आला. मी सहा दिले. आवाज गोड आहे, पण सगळी गाणी सारखीच वाटतात, असा शेरा लिहिला. मुलीने नऊ दिले.

तिसऱ्या रात्री जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'. डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला, जेमतेम तेहतीस मिनिटांचा, चार भागांचा. दहा मिनिटांतच मी घड्याळाकडे पाहू लागलो. सॅक्सोफोन कुणावर तरी ओरडतो आहे असे वाटत होते, आणि ड्रम वाजवणारा आपल्याच नादात. अट होती म्हणून शेवटपर्यंत बसलो. चार मार्क दिले आणि शेरा मारला, "गोंगाट. शिस्त नाही."

लाल पेन हातातच होते. तसाच वह्यांकडे वळलो.

निबंधाचा विषय होता, 'माझा आवडता दिवस'. चाळीसपैकी बहुतेकांनी ईद लिहिली होती, काहींनी पंधरा ऑगस्ट. एका मुलाने लिहिले होते, लाइट जाते तो दिवस. आमचे गाव यंत्रमागाचे. पहिल्याच ओळीत त्याने लिहिले होते, 'लूमची आवाज बंद झाली'. मी 'ची' आणि 'झाली' या दोन्हींभोवती गोल केला. उर्दूत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. आमच्या मुलांची ही नेहमीची चूक, गेली पंधरा वर्षे मी ती दुरुस्त करतो आहे. पुढे असे आणखी नऊ-दहा गोल झाले. दहापैकी तीन मार्क दिले. शेरा: 'भाषा अशुद्ध. विषय सोडून लिहिले आहे.' वही बंद केली आणि झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मुलीने मला कोल्ट्रेनबद्दल थोडे वाचून दाखवले. १९५७ साली हा माणूस व्यसनातून बाहेर पडला आणि ती ईश्वराची कृपा मानून, त्याचे आभार म्हणून त्याने हा अल्बम केला. तबकडीच्या वेष्टनावर त्याने स्वतः लिहिलेली एक प्रार्थना छापली आहे. शेवटच्या भागात तो सॅक्सोफोनवर तीच प्रार्थना शब्दाशब्दाने 'वाचतो'. गात नाही, वाचतो. प्रत्येक अक्षराला एक स्वर.

मी गेली अनेक वर्षे मुलांना हम्द शिकवतो. हम्द दोन तऱ्हांनी पढतात, एक तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर, आणि दुसरी तहतमध्ये, म्हणजे चालीशिवाय, फक्त शब्दांच्या वजनावर. शेवटचा भाग पुन्हा लावला तेव्हा तहतमध्ये पढलेली हम्दच ऐकू आली. तीच तबकडी, तोच माणूस, तोच स्पीकर. आदल्या रात्री मी ज्याला ओरडणे म्हटले होते, ती प्रार्थना होती. मी चार खोडून नऊ केले.

मुलीने हरकत घेतली, आणि ती रास्त होती. "अब्बा, वाजवलेले तेच आहे. तुम्हाला माहिती मिळाली म्हणून पाच मार्क वाढले. मग ते मार्क संगीताचे की माहितीचे?"

मी बराच वेळ गप्प बसलो. कारण तिचा प्रश्न 'काइंड ऑफ ब्लू'लाही लागू होता. त्याला मी आठ दिले, ते त्याच्या थोरवीला दिले की माझ्या सवयीला? कानाच्या ओळखीचे निघाले म्हणून आठ, अनोळखी निघाले म्हणून चार. मग दोन्ही वेळा मार्क कुणाला मिळाले? माझ्याच कानाला.

जाणकार म्हणवणाऱ्यांचेही काही वेगळे नाही. अमेरिकेच्या 'डाउनबीट' या जॅझच्या प्रतिष्ठित मासिकात १९६१ मध्ये एका समीक्षकाने कोल्ट्रेनच्या वादनाला जॅझविरोधी ठरवले होते. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ मध्ये सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमची यादी केली, तेव्हा बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' पहिला होता आणि मार्विन गे सहावा. २०२० मध्ये नव्याने मतदान घेतले तेव्हा मार्विन गे पहिला आला आणि 'सार्जंट पेपर्स' चोविसावा. तबकड्या त्याच होत्या. परीक्षक बदलले होते. बोर्डाच्या निकालपत्रातही खाडाखोड होते म्हणायची.

इथे आपल्यातलेच काही वाचक म्हणतील, मास्तर, सुट्टी गाण्याबजावण्यात घालवली आणि वर त्याचे समर्थन? संगीताविषयी उलेमांमध्ये फार जुने मतभेद आहेत. त्यांचा निकाल लावण्याची माझी पात्रता नाही. ज्याला ऐकायचे नाही त्याचा निर्णय मला मान्य आहे. पण 'गोऱ्यांचा धांगडधिंगा' म्हणून न ऐकताच निकाल देणे ही परहेजगारी नव्हे, ते वही न उघडता शून्य देणे आहे. एक तर यातले बहुतेक वादक गोरे नव्हते, गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज होते. दुसरे म्हणजे 'अ लव्ह सुप्रीम'वर पियानो वाजवणारा मॅकॉय टायनर तरुणपणीच मुसलमान झाला होता. पिट्सबर्गमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक जोन्सने इस्लाम स्वीकारून अहमद जमाल हे नाव घेतले आणि त्याच नावाने तो जगभर वाजला. आपल्या मोहल्ल्यात त्याचे नाव कुणाला माहीत नाही. ज्यांना सगळ्यांनी ऐकायच्या आधीच मार्क देऊन ठेवले, अशा लोकांचे हे संगीत आहे. आपल्याला हा अनुभव नवा आहे का? भाड्याने घर बघायला गेल्यावर नाव सांगताच पडणारे मार्क आपल्यातल्या अनेकांनी घेतले आहेत.

तर मग मार्क देऊच नयेत का? तसे मी म्हणणार नाही. मार्क द्यायचे होते म्हणूनच मी तेहतीस मिनिटे जागचा हललो नाही. नाहीतर आमच्या कॅसेटच्या सवयीने दहाव्या मिनिटाला पुढे पळवले असते. मार्क द्यायचे म्हटले की लक्ष द्यावे लागते, कारण सांगावे लागते. मुलीशी इतके बोलणे वर्षभरात झाले नव्हते तेवढे त्या आठवड्यात झाले. फक्त पहिले मार्क शाईने लिहू नयेत, पेन्सिलीने लिहावेत. शेजारी तारीखही घालावी, म्हणजे त्या दिवशी आपला कान कुठवर आला होता ते कळते.

आणि त्याहून चांगली पद्धत आपल्याकडे आहेच. मुशायऱ्यात शेर आवडला की आपण दहापैकी किती ते सांगत नाही. आपण म्हणतो, मुकर्रर! म्हणजे पुन्हा एकदा. पहिल्या ऐकण्यात शेर पुरता हाती लागला नाही, हे त्यात कबूल असते, आणि तो हाती यावा ही इच्छाही असते. पहिल्यांदा ऐकताना आपण प्रामाणिकपणे एवढेच सांगू शकतो, की पुन्हा ऐकावेसे वाटते की नाही. बाकी सगळे दुसऱ्या ऐकण्यानंतर. कोल्ट्रेनच्या बाबतीत माझ्या तोंडून ते पहिल्या रात्री निघाले नाही, मुलीमुळे निघाले. म्हणून माझ्यासारख्याने मैफलीत एकट्याने बसू नये.

त्याच संध्याकाळी मी ती वही पुन्हा काढली आणि लाल गोल बाजूला ठेवून निबंध वाचला. मुलगा लिहितो, की एरवी अब्बा घरातही ओरडून बोलतात, कारण दिवसभर लूमजवळ ओरडूनच बोलावे लागते. लाइट गेली की लूम थांबतात, अब्बा घरी येतात, आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज हळू होतो. त्या दिवशी अब्बा हळू बोलतात, म्हणून तो माझा आवडता दिवस. आणि शेवटी लिहितो, त्या दिवशीची मजुरी मिळत नाही, म्हणून अम्मीला हा दिवस आवडत नाही.

'विषय सोडून लिहिले आहे', असे मी लिहिले होते.

आवाज मराठीत पुल्लिंगीच आहे, ते गोल मी पुसले नाहीत. शुद्धलेखनाचे मार्क कापायचे तेवढे कापले आणि तीनचे सात केले. शेरा खोडला. सुट्टीनंतर त्या मुलाला वर्गापुढे निबंध वाचायला उभे केले. तो घाबरत, भरभर वाचून मोकळा झाला आणि खाली बसू लागला. मी म्हणालो, "मुकर्रर." वर्ग हसला. तो पुन्हा उभा राहिला आणि या वेळी त्याने सावकाश वाचले.

'व्हॉट्स गोइंग ऑन'चे माझे सहा मार्क अजून पेन्सिलीत आहेत. मुलगी म्हणते, सगळी गाणी सारखीच वाटतात हा माझा शेरा तोच 'विषय सोडून' वाला आहे. येत्या शनिवारी रात्री पुन्हा लावणार आहोत.