धानाचा बोनस द्यावा की नाही? समजून घ्या तीन अर्थविचार

२०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलमागे २,३६९ रुपये आहे. त्यावर बोनस किती, हा प्रश्न भंडारा जिल्ह्यात दर हंगामात निघतो. वाद राजकीय वाटतो. मुळाशी मात्र अर्थशास्त्राचे तीन विचार आहेत.

बाजार मोकळा करा
शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांची भूमिका हीच होती. सरकारने बाजारात हात घातला नाही, तर शेतकऱ्याला रास्त भाव मिळेल. केंद्राने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली केली. एका हाताने बाजार अडवायचा आणि दुसऱ्या हाताने बोनस द्यायचा, यावर या विचाराचा आक्षेप आहे.

हातात पैसा द्या
ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या मते मंदीत सरकारने खर्च केला की मागणी वाढते. बोनस जमा झाला की लाखनी, पवनीच्या बाजारात उधारी फिटते, खरेदी होते. मात्र पुढच्या हंगामात प्रश्न पुन्हा तोच.

शेतीवरचा भार कमी करा
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ च्या निबंधात तुकड्यांच्या शेतीवर उपाय सुचवला तो औद्योगिकीकरणाचा. शेतीत अडकलेल्या जादा हातांना दुसरे काम मिळाले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. १९५४ मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याच वेळी सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले समाजवादी अशोक मेहता पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

मग बरोबर कोण?
२०२४-२५ च्या हंगामासाठी राज्याने हेक्टरी २० हजार, कमाल २ हेक्टरपर्यंत बोनस जाहीर केला. म्हणजे एकरवाल्याला सुमारे ८ हजार, २ हेक्टरवाल्याला ४० हजार. नोंदणीचा आधार सातबारा. ठेक्याने शेती करणाऱ्याचे नाव त्यावर नसते. घाम एकाचा, बोनस दुसऱ्याला, असे होऊ शकते.

बोनस आज हवाच. तो कसणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवा. पण जिल्ह्यात राईस मिल आहेत, तुमसर तालुक्यात मँगनीज आहे, तरी कामासाठी तरुण नागपूरची वाट धरतात. आंबेडकरांचा १९१८ चा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढच्या वेळी उमेदवार बोनसचा आकडा सांगेल, तेव्हा रोजगाराचाही विचारा.