प्रवासांतील टपाल

कोंकण रेल्वेच्या वाटेवर रत्नागिरीजवळील साडेसहा किलोमीटरांच्या करबुडे बोगद्यांत गाडी शिरली, कीं लॅपटॉपवरील ई-मेल उघडेनाशी होते. यास्तव घरूनच तजवीज करून निघावें, असें आम्ही सुचवितों. जीमेलच्या सेटिंगमधील ‘ऑफलाइन’ सदरांत ती सोय चालू करून ३० दिवसांचीं पत्रें निवडावीं, जोडपत्रांचीही खूण करावी व सर्व उतरेपर्यंत थांबावें. मग वायफाय बंद करून एकदां पाहावें. बोगद्यांत लिहिलेलें उत्तर ‘आउटबॉक्स’मध्यें राहतें, संपर्क आल्यावरच रवाना होतें. मात्र लॅपटॉप घरांत अनेकांच्या हातीं असेल, तर ही सोय घेऊं नये. पत्रें यंत्रांतच राहतात, आणि दुसऱ्याचें पत्र न वाचणें हा एकत्र कुटुंबाचा जुना धर्म आहे.